वर्षाचे पंधरा दिवस



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. इंजिनिअर झाल्यापासून मी संगणकासाठी लिहिते, माणसांसाठी लिहायची सवय मोडली आहे. पण मग आठवले की जूनमध्ये शाळा उघडली की आपला पहिला निबंध दरवर्षी एकच असायचा : ‘मी सुट्टी कशी घालवली’. आणि आपण सगळे दरवर्षी तेच लिहायचो. मामाच्या गावाला गेलो, आंबे खाल्ले, विहिरीत पोहलो. काहींच्या मामाला तर विहीरही नव्हती. तो निबंध आता तीस वर्षांनी पुन्हा लिहावा, पण या वेळी इतिहासाच्या तासाला शोभेल असा, असे वाटले. आपले इतिहासाचे सर म्हणायचे, “तारीख, ठिकाण आणि कारण, या तीन गोष्टी नसतील तर त्या गप्पा झाल्या, इतिहास नव्हे.” सर, तिन्ही द्यायचा प्रयत्न करते आहे.

निमित्त घडले गेल्या दिवाळीत. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे यजमान आणि दोन्ही मुले शिनोलीला आलो होतो. एक दिवस दादांना (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) पुढच्या सीटवर बसवले, आई आणि मुले मागे, आणि घोडेगावहून जुन्नरमार्गे नाणेघाटाकडे निघालो. वाटेत आठ वर्षांच्या मुलाने विचारले, “आई, तू लहान असताना तुम्ही ट्रिपला कुठे जायचात?”

मी म्हटले, “कुठेच नाही.”

“मग सुट्टीत काय करायचात?”

मी काही बोलायच्या आत पुढून दादा म्हणाले, “सुट्टीत मी यायचो.”

मुलाला उत्तर कळले नाही. मला कळले, आणि तुमच्यापैकी निम्म्या जणांना तरी कळेल. आपल्या भागात सुट्टी म्हणजे कुठे जाणे नव्हते, कोणीतरी घरी येणे होते. हे असे का होते आणि ते केव्हा बदलले, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

रविवार कोणी दिला?

आपल्या मुलांना रविवार हा सूर्यचंद्रासारखा आपोआप आलेला वाटतो. तो तसा आलेला नाही. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत आणि यंत्रांबरोबर माणसेही. या माणसांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिल हॅंड्स असोसिएशन’ ही संघटना उभी केली. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सभा, अर्ज, सह्या असे करता करता १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली.

आता आपल्याला जवळचा तपशील. लोखंड्यांचा जन्म ठाण्याचा, पण घराण्याचे मूळ गाव कन्हेरसर. म्हणजे आपल्या शेजारचा खेड तालुका. त्यांच्या नावाचे पोस्टाचे तिकीट निघाले आहे, पण आपल्या पुस्तकात त्यांचा धडा असल्याचे मला आठवत नाही. ज्या रविवारी आपण सगळे गुरे सोडून विटीदांडू खेळायला पळायचो, तो रविवार मिळवणारा माणूस आपल्या शेजारच्या गावचा होता, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

हा योगायोगही नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातली जमीन थोडी, पावसाच्या भरवशावरची, आणि मुंबई घाट उतरला की समोर. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथला एक तरी मुलगा मुंबईला जायचा. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू असेच गिरणीत कामाला गेलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापड भरलेल्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि त्यात त्यांचा जीव गेला. आपण त्यांना हुतात्मा म्हणून ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधी ते आपल्या तालुक्यातले एक ‘मुंबईकर’ होते, गाव मागे ठेवून गेलेले.

मुंबईकर माणूस राहायचा कसा, हे दादा सांगतात. गावकीची एक खोली. तिच्यात दहा-पंधरा जण. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच वळकटीवर दिवसा एक झोपणार, रात्री दुसरा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबाने. अशा खोलीत बायको-मुले आणायची कुठे? म्हणून बायको गावाला, शेत आणि सासूसासरे सांभाळत. मुले आईजवळ. बापाची ओळख मनीऑर्डरच्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळींतून व्हायची : ‘सर्वांची तब्येत सांभाळणे. पोरांना शाळेत घालणे.’

पंधरा दिवसांचे गणित

रविवार मिळाला, पण रविवारी मुंबईहून शिनोलीला येऊन परत जाणे शक्य नव्हते. घरी यायचे तर भरपगारी रजा हवी. ती कायद्याने मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात नियम होता : वर्षात किमान २४० दिवस काम भरले असेल, तर दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा.

माझा धंदाच हिशेबाचा, म्हणून मी हिशेब मांडला. कामगाराने वर्षात ३०० दिवस काम केले असे धरा. भागिले वीस. पंधरा दिवस. माझा थोरला भाऊ १९७४ चा. दादा तेव्हा गिरणीत होते. वर्षाला पंधरा दिवस या दराने मूल दहा वर्षांचे होईपर्यंत त्याला बाप मिळतो एकूण दीडशे दिवस. म्हणजे पाच महिने. दहा वर्षांत पाच महिने! आणि ही गोष्ट कायम कामगाराची. बदली कामगाराला रोज सकाळी दारात उभे राहून आज काम आहे की नाही ते बघावे लागे, त्याच्या रजेची गोष्टच नको. दादांची पहिली काही वर्षे बदलीतच गेली.

हा आकडा काढून मी दादांना दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्यातले चार दिवस जायला-यायलाच जायचे.”

जत्रा, आजोळ आणि हिरडा

हे पंधरा दिवस केव्हा घ्यायचे, ते गिरणीने ठरवले नाही, ग्रामदैवताने ठरवले. चैत्र-वैशाखात आपल्याकडे गावोगावच्या जत्रा असतात. रब्बी निघालेली असते, पेरणीला अवकाश असतो, शाळांना सुट्टी लागत आलेली असते. मुंबईकर जत्रेला येणार, हे ठरलेले. मुंबईचे डबेवाले आपल्याच पट्ट्यातले. त्यांच्या कामाचे जगभर कौतुक होते, पण ते डबेवालेही दरवर्षी याच सुमारास जवळजवळ आठवडाभर डबे बंद ठेवून गावच्या जत्रेला येतात. मुंबईतल्या साहेबांना त्या आठवड्यात डबा मिळत नाही, कारण आपल्याकडे पालखी निघालेली असते.

जत्रेच्या भोवती सगळा संसार फिरायचा. लग्ने त्याच दिवसांत, वाटण्या आणि भांडणेही त्याच दिवसांत, कारण घरातले सगळे पुरुष हजर. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागायच्या आणि गावोगावचे पंच तिथे सुपारी द्यायला जायचे. बैलगाड्याचा घाट रंगायचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून पुन्हा सुरू झाल्या. त्या मधल्या वर्षांत ‘आता जत्रेला काय यायचे’ असे म्हणणारे मुंबईकर मी ऐकले आहेत. एक कारण निघून गेले की दुसरीही सैल होतात.

पण जत्रेची सुट्टी म्हणजे आराम, असे कोणी समजू नये. दादा पंधरा दिवस येत त्यात घराचे छप्पर शाकारणे, बांध घालणे, बैलाचा सौदा आणि कर्जाची तडजोड, एवढे सगळे उरकत. आम्हा पोरांशी खेळायला म्हणून त्यांनी सुट्टी काढली, असे कधी झाले नाही. भाऊ सांगतो, दादांशी त्याचे बोलणे कामातच व्हायचे. ते दगड रचायचे, तो चिपा द्यायचा.

आईंची सुट्टी? जत्रा झाली की आठ दिवस माहेर. तेच आमचे ‘मामाचे गाव’. आजोळी जाण्याची चाल मुलांसाठी पडली असे आपल्याला वाटते, पण आता स्वतः आई झाल्यावर मला वाटते की ती मुळात आईसाठी होती. वर्षातले आठ दिवस ती कोणाची तरी मुलगी असायची.

आणि आपल्या वर्गातले पश्चिमेकडचे, आदिवासी वाड्यांवरचे मित्र? त्यांचे निबंध मला आज पुन्हा वाचायला हवे आहेत. उन्हाळ्याची सुट्टी हा बाळहिरड्याचा हंगाम. घरातली लहानथोर सगळी झाडाखाली. तोडायचे, वाळवायचे, बाजाराला न्यायचे. त्यातून वह्या-पुस्तके आणि पावसाळ्याचे मीठ-मिरची. पुढे जुलैत भाताची आवणी आली की वर्ग अर्धा रिकामा, आणि हजेरी घेताना सर न विचारताच समजून घ्यायचे. त्या मुलांच्या घरात सगळे कुटुंब एकत्र असायचे, पण ते कामाला. सुट्टीचा हा प्रकार कुठल्याच निबंधाच्या पुस्तकात नव्हता, म्हणून तीही मुले विहिरीत पोहल्याचे लिहायची.

लाल गाडी

मुंबईकर यायचा आणि आई माहेरी जायची, ती एसटीने. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. फॅक्टरी कायदाही १९४८ चाच. म्हणजे भरपगारी रजा आणि घरी येण्याची गाडी, या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी आपल्या लोकांच्या हाती आल्या. त्याआधी आजोबांची पिढी घाटवाटांनी पायी कोकणात उतरून पुढे मुंबई गाठायची, असे घरोघर सांगतात.

एसटीने आणखी एक केले, ज्याची नोंद फारशी होत नाही. बाई लेकरे घेऊन एकटी प्रवास करू लागली. पाच वर्षांच्या आतले मूल फुकट, बारापर्यंत अर्धे तिकीट. माझा भाऊ त्यामुळे बरीच वर्षे चार वर्षांचाच होता. एकदा कंडक्टरने त्यालाच विचारले, “काय रे, कितवीला?” त्याने अभिमानाने सांगितले, “दुसरीत!” आईने मुकाट्याने अर्धे तिकीट काढले. पुढे मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. आई म्हणते, “आता तुझ्या भावासारखे माझेही अर्धेच.”

मुक्कामी गाडी ज्या गावात यायची त्या गावाला भाव होता. रात्री शेवटची गाडी कोणाला घेऊन आली, हे सकाळी पाणवठ्यावर सगळ्यांना ठाऊक असायचे. गाडी आणि गाव यांचे हे नाते किती जवळचे होते, ते एका भयंकर दिवशी दिसले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्या तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही, हे सर्वांत आधी लक्षात आले आणि बाहेर कळवले गेले ते त्या रस्त्याने निघालेल्या एसटीच्या चालकाकडून. रोजच्या वळणावर त्याला रोजचे गाव दिसले नाही. आज श्रावणात आणि पावसाळी शनिवार-रविवारी भीमाशंकरला जाणाऱ्या मोटारींची रांग शिनोलीवरून जाते, धबधब्याखाली फोटो निघतात. माझी मुलेही त्यात असतात, आणि त्यांनी भिजू नये असे मी म्हणत नाही. फक्त पोखरी घाट चढताना मी त्यांना माळीणची गोष्ट सांगते. डोंगर बघायला जाणाऱ्याला डोंगराखाली राहणारा माणूस माहीत असावा.

सर्वांत लांब सुट्टी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, सुमारे अडीच लाख कामगार. मी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हते. दादा गावी आले ते ‘दोन-चार महिन्यांत मिटेल’ असे सांगून. संप मिटलाच नाही. तो रीतसर मागे घेतल्याची तारीखच नाही. गिरण्या एकेक करून गेल्या आणि दादांची सुट्टी संपली नाही.

इतिहासाच्या पुस्तकात हा संप म्हणजे कामगारांचा पराभव, मुंबईचा कायापालट वगैरे असतो. ते सगळे खरेच. आमच्या घरात त्याचे दोन अर्थ झाले. आईच्या अंगावरचे दोन डाग गेले आणि एक वेळ नुसती आमटी-भाकरी झाली. शेजारच्या घरातला मुंबईकर तर त्या काळजीतून कधी उठलाच नाही. आणि त्याच वेळी मला बाप मिळाला. रोज. सकाळी उठल्यावर समोर. माझ्या वेण्या घालायला शिकलेला, मला खांद्यावर घेऊन ओढ्याला जाणारा. भावाला दहा वर्षांत जे दिवस मिळाले असते, ते मला पहिल्या पाच महिन्यांतच मिळाले. आम्ही दोघे एकाच आईबापाची मुले, पण आमचे बाप वेगळे आहेत, असे भाऊ अजून म्हणतो. आधी थट्टेत म्हणायचा. हल्ली ती थट्टा वाटत नाही.

त्या वर्षांत घोड नदीवर डिंभे धरणाचे काम चालू होते. दादा तिथे रोजंदारीवर लागले. माझ्या आयुष्यातली पहिली ‘ट्रिप’ तीच : आई, भाऊ आणि मी दुपारची भाकरी घेऊन पायी धरणावर. धूळ, डंपर, दगड फोडायचा आवाज. दादा फडके झटकून बसायचे आणि आम्ही चौघे एका ओळीत बसून जेवायचो. पिठले-भाकरी, कांदा. मुलाला मी ‘कुठेच नाही’ म्हटले ते खोटे होते. आम्ही जायचो. त्याला सहल म्हणायचे, हे आम्हाला माहीत नव्हते इतकेच.

आता त्याच धरणाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात आणि शहरातली कुटुंबे पाणी बघायला येतात. त्या पाण्याखाली गावे गेली. ज्या आंबेगावाच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते गावही त्यात गेले. तालुक्याचे नाव उरले, गाव नाही. दादांना त्या धरणाने रोज दिला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे आजोळ नेले. जूनच्या निबंधात आम्ही सगळ्या मामाच्या गावाला जायचो. तिने एका वर्षी लिहिले होते की सुट्टीत आई आम्हाला पाण्याच्या कडेपर्यंत घेऊन गेली आणि बोट करून म्हणाली, तिथे आपले घर होते. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वही परत दिली. मैत्रिणी, तू हे वाचत असशील तर तो निबंध मला आठवतो, एवढेच तुला सांगायचे आहे. मी दादांचे नाव तेव्हा तुझ्याजवळ काढायचे टाळायचे, हेही.

सरांनी दाखवलेला शिवनेरी

१९८७ च्या सुमारास दादा पुन्हा गेले. या वेळी गिरणी नव्हती, वाशीच्या बाजारात माथाडी काम. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालालाही भविष्यनिर्वाह निधी आणि पगारी रजा आली होती, म्हणजे पुन्हा तेच मोजके दिवस. त्यामुळे आपल्या शाळेच्या वर्षांत माझी कथा तुम्हा बहुतेकांसारखीच होती : घरी आई, बाप जत्रेला आणि दिवाळीला.

म्हणून शाळेच्या सहलीचे मोल मला आज वेगळे वाटते. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, पण आपल्यापैकी किती जण तिथे प्रथम आईवडिलांबरोबर गेले? मी वर्गातल्या नऊ जणींना फोन करून विचारले. एकीचाही होकार आला नाही. सगळ्या शाळेच्या सहलीत गेल्या होत्या. एसटीची गाडी ठरवून, पुरी-भाजीचे डबे घेऊन, पहाटे. शिवाई देवीच्या देवळापाशी बाईंनी मुली मोजल्या, सरांनी उलटी झालेल्या पोराचे तोंड धुतले, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर कोणाची तरी चप्पल तुटली तेव्हा सरांनी तिला आपल्या दिल्या आणि स्वतः अनवाणी उतरले. कुटुंबाने करायच्या सहली आपल्या पिढीसाठी शिक्षकांनी केल्या. हे तेव्हा म्हणायचे राहिले. आज म्हणते.

शिवनेरीवर सरांनी शिवजन्माची तारीख सांगितली, १९ फेब्रुवारी १६३०, आणि म्हणाले, “शहाजीराजे मोहिमेवर होते, जिजाऊंनी बाळाला इथे वाढवले.” तेव्हा आपल्यातले कोणीतरी मागून पुटपुटले, “म्हणजे तेपण मुंबईकर.” सर रागावले नाहीत. आज तो गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, जुलै २०२५ पासून. देशातून लोक येतील. त्यांना तारीख सांगणारे पुष्कळ भेटतील. पण वडील लांब असताना घर चालवणाऱ्या बाईची गोष्ट आपल्याला किती जवळची आहे, ते आपल्यालाच सांगावे लागेल.

आणि आता

माझ्या मुलांची सुट्टी वेगळी आहे. शनिवार-रविवार बंद, वर्षाची रजा संगणकावर अर्ज करून. कोकणात समुद्र झाला, केरळ झाले, खोडदची मोठी दुर्बीण झाली. विज्ञान दिनाला ती बघायला सोडतात. तिथल्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, हे माझ्या मुलीला पाठ. मी बापापेक्षा नशीबवान आहे, यात शंका नाही. पण कितीतरी सहलींत मी लॅपटॉप उघडून बसले आहे. समुद्रासमोर बसून मिटिंग केली आहे. पोरे पाण्यात, मी फोनवर. दादांची रजा पंधरा दिवसांची होती, पण त्या पंधरा दिवसांत गिरणी त्यांच्या मागे शिनोलीत येत नव्हती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि काही आठवड्यांनी परवानगी काढून आम्ही गावी आलो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. रेंज मिळावी म्हणून मी घराच्या मागच्या आंब्याखाली खाट टाकून काम करायचे. ३ जूनच्या निसर्ग वादळात त्याच आंब्याची फांदी मोडली. दादा रोज येऊन बघायचे. एक दिवस न राहवून म्हणाले, “तुमचापण संप आहे का गं?” मी हसले. मग आठवले की त्यांच्या आयुष्यात सगळी माणसे एकदम घरी आली होती ती एकदाच, आणि त्यानंतर काम परत मिळाले नव्हते. त्यांना माझी नोकरी जाण्याची भीती वाटत होती. मी त्यांना स्क्रीन दाखवली, पगार येतो आहे हे दाखवले. त्यानंतर ते नातवंडांना घेऊन बांधावर जाऊ लागले. मुलगा चिपा द्यायला शिकला.

तर, नाणेघाट. गुहेत गेलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिने तिथे मोठा लेख कोरवला आहे. त्यात आकडेही आहेत, आपल्या अंकांच्या सर्वांत जुन्या रूपांपैकी. हिशेबाच्या माणसाला ते बघून बरे वाटते. समोरच्या भिंतीवर एकेकाळी माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती तुटल्या, पण वरची नावे राहिली : राजा सिमुक सातवाहन, मग राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, मग कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. म्हणजे सासरचे वडीलधारे, नवराबायको, मुले. आणि ते महारठी म्हणजे नागनिकेचे वडील असावेत, असे अभ्यासक मानतात. तिने सासरच्या ओळीत आपल्या वडिलांनाही उभे केले.

मुलीने मोबाइलवर वाचून दाखवले आणि म्हणाली, “फॅमिली फोटोच की हा!” दादांनी विचारले, “यात कामाला गेलेला कोण?” कोणाला सांगता आले नाही. मग आम्ही बाहेर जकातीच्या रांजणाशी उभे राहून फोटो काढला. आई, दादा, आम्ही दोघे, मुले. दादा पंचाहत्तरीचे. त्यांच्याबरोबर नुसते फिरायला म्हणून गेल्याचा माझा हा पहिला फोटो आहे. भाऊ त्यात नाही. तो दुबईला असतो. त्याला वर्षाला तीस दिवस रजा मिळते, दादांच्या दुप्पट, असे त्याने फोनवर सांगितले.

मित्रांनो, एक विनंती करून थांबते. मेळाव्याला येताना घरातला एक कागद आणा. मनीऑर्डरचे कुपन, गिरणीचा पास, एसटीचे जुने तिकीट, धरणग्रस्ताचा दाखला, हिरड्याच्या विक्रीची पावती, जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो. मागे वर्ष आणि नाव लिहा. मी ते सगळे स्कॅन करून शाळेच्या वाचनालयात ठेवायची जबाबदारी घेते. काम माझ्या धंद्यातले आहे आणि त्यासाठी मी रजा टाकली आहे.

सर, तारीख, ठिकाण आणि कारण दिले आहे. निबंध तपासावा.